ओट्याचा फोटो

आई ज्या सफाई कंपनीत कामाला आहे, तिथल्या मॅडम म्हणाल्या, "वेबसाइट नवीन करतोय. बघताक्षणी गिऱ्हाइकाचा विश्वास बसला पाहिजे. तुमच्या स्वयंपाकघराचा एक फोटो काढू द्याल?"

आईला आभाळ ठेंगणं झालं. आजवर लोकांचे ओटे लखलखीत करणाऱ्या आईने सुट्टीचा अख्खा दिवस आमचा ओटा घासण्यात घालवला. टाइल्सच्या फटी जुन्या टूथब्रशने कोरल्या, शेगडीचा आरसा केला.

"झिजेल आता तो," बाबा म्हणाले.

"झिजू दे. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

मॅडम आल्या, फोटो काढला, "अगदी असंच हवं होतं," म्हणाल्या आणि गेल्या.

वेबसाइट सुरू झाली, तेव्हा आईने मावशीला आणि शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून बसवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"माझा चष्मा सापडत नाहीये गं. फोटोखाली काय लिहिलंय, जरा मोठ्याने वाच."

शेजारी-शेजारी दोन फोटो होते. एक कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराचा, आणि एक आमचा.

आमच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'सफाईच्या आधी'.