आरासेलीचे अवघड शब्द

आरासेली आजही ताट अर्धवट टाकून उठली. रविवारी जेवण झाल्यावर निदान तासभर टेबल सोडायचं नाही, गप्पा संपल्या की मगच उठायचं, हे पुएब्ला शहरातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. या पोरीला नव्हतं. वर्षभर हेच चाललेलं. आजीने तोंड उघडलं, की नात पसार.

ती अंगणात येरझारा घालत होती. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. उद्या इंग्रजीची परीक्षा. दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली, की परदेशातल्या कॉलेजातली जागा गेली. एक चिठ्ठी वाची, उलटी करी, मान हलवी, पुन्हा फेऱ्या. बघूनच तिच्या आजीला, दोन्या ब्राउलियांना, गरगरायला लागलं.

शेवटी ती दारात येऊन उभी राहिली.

“उद्या मी जात नाही. रोजचं इंग्रजी येतं मला. हे विद्वानांचे शब्द डोक्यात टिकतच नाहीत.”

“वाच बघू एखादा,” दोन्या ब्राउलिया म्हणाल्या.

“आजी, तू तिसरीतून शाळा सोडलीस.”

“शाळा सोडली. कान नाही सोडले. वाच.”

“लुगूब्रिअस.”

“लूगुब्रे. ही तुझी एल्विरा आत्या. लग्नातसुद्धा मयताला आल्यासारखं तोंड.”

आत्याचा घास हातातच राहिला. आरासेलीने चिठ्ठी उलटली. अर्थ बरोबर होता.

“टॅसिटर्न.”

“तासितुर्नो. तुझा बाप. सकाळपासून ‘मीठ दे’ एवढंच बोललाय.”

बापाने नुसता मिठासाठी हात पुढे केला.

“प्यूसिलॅनिमस.”

“पुसिलानिमे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाय मागे घेते, ती.”

आरासेली भराभर चिठ्ठ्या चाळायला लागली. दहा, पंधरा, वीस. प्रत्येकीवर आजीचीच एखादी स्पॅनिश शिवी नाहीतर टोमणा, फक्त शब्दाच्या शेपटीला जरा पीळ दिलेला. मैत्रिणी घरी आल्या, की याच बोलण्याची तिला लाज वाटायची.

“हे सगळं तू कुठे शिकलीस?”

“पाद्रीबाबांच्या प्रवचनांत आणि रेडिओवरच्या मालिकांत.” दोन्या ब्राउलियांनी शेजारची खुर्ची पायाने बाहेर ढकलली. “बस. तुझं इंग्रजी कच्चं नाही, पोरी. तुला स्पॅनिश येत नाही.”