डोक्यावरची देवी

"...आणि आजोबा गळाभर पाण्यात उतरले. देवीचा तांदळा डोक्यावर घेऊन एकटेच परत आले." श्रीरंगने आपली नवी कादंबरी मिटली. धरणात गेलेल्या गावाची ती कथा होती. पुनर्वसनातल्या नव्या देवळात जमलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंडपात जागा असूनही गयामावशी बाहेर चपलांपाशी बसली होती. तिच्याकडे नजर जाताच श्रीरंगची मान खाली गेली. गाव बुडालं त्या दिवशी पाण्यात उतरायला तिच्या वडिलांशिवाय कुणीच धजावलं नव्हतं, आणि एरवी त्यांनाच देवळाची पायरी चढू देत नसत. हे आजोबांनी स्वतः श्रीरंगला सांगितलं होतं. काठावर आणलेली देवी आपण गोमूत्राने धुऊन घेतली, हेही सांगितलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर तो तिच्या शेजारी जाऊन बसला. "मावशी, चुकलं माझं. पुढच्या आवृत्तीत तुझ्या वडिलांचं नाव घालतो."

तिने दारातून दिसणाऱ्या देवीला तिथूनच हात जोडले.

"नको बाबा," ती हळूच म्हणाली, "पुन्हा धुवायला काढतील तिला."