टाकीवरचा टोमणा

"बाई, हे तुम्हाला पटतं का?" वरच्या गावचा सुतार मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत शिरला तोच तावातावाने. त्याने खिडकीतून शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकीवर खडूने ठळक लिहिलं होतं: 'वरच्या गावची पोरं शाळेत कमी, अंथरुणात जास्त.'

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "छे, छे. मी चौकशी करते."

"चौकशी कसली? नदीकाठचेच ते. एवढ्या उंच चढायला लागते ती शिडी मीच करून दिलीय त्यांना! आता उद्या आमच्या गावात एक जरी पोर घरी दिसलं, तर रंधा हातात धरणार नाही. ताप असला तरी आणून बसवतो."

"ताप असेल तर राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "उतरला की पाठवा."

हायस्कूल तीन गावांच्या मधोमध होतं, म्हणजे धड कोणाच्याच गावात नव्हतं. तिन्ही गावांचं आपसात वाकडं होतं. कशावरून, ते कोणाला आठवत नव्हतं. भांडण मात्र सगळ्यांनी जपून ठेवलं होतं. उद्या शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. वर्ग रिकामे दिसले तर शाळेला कुलूप. मग लांबच्या शहरातल्या शाळेत मुलगे जातील आणि मुली घरी बसतील, हे बाईंना कोणी सांगायला नको होतं.

सुतार गेला आणि नदीकाठची दुकानवाली काकू आली.

"बाई, तो रंधेवाला आमच्यावर आळ घेतोय! मागे आमच्या गावावर लिहिलं होतं, तेव्हा मी आले होते का रडत? गपगुमान घरोघर फिरले, पोरं बाहेर काढली. पुतणीला स्थळं बघत होते, तिलाही दहावीत आणून बसवली. म्हटलं, नाक कापून घ्यायचं का आपण?"

"तुम्ही समजूतदार आहात," बाई म्हणाल्या. त्यांनी बाहीवरची खडूची पूड झटकली आणि गुडघा धरून उठल्या.

"गुडघ्याला काय झालं?"

"वय झालं, दुसरं काय!"

दुसऱ्या दिवशी वर्ग खच्चून भरले. एका बाकावर चौघं चौघं, त्यांतली निम्मी शिंकणारी. पुतणी पहिल्या बाकावर होती. एकटं फाट्यावरचं गाव जरा विरळ दिसत होतं, पण तेवढं झाकून गेलं.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "ही गावं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, असं ऐकलं होतं. तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही हो. ज्याचं त्याचं ऐकून घेते."

शाळा चालू ठेवायची, असं साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. जाता जाता टाकीकडे बघून हसले. "तेवढं पुसून घ्या. पोरंच ती!"

"आजच पुसून घेते," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी फाटक लागलं. शिपाईमामांनी ओल्या फडक्याने टाकी लख्ख केली आणि खाली उतरून ते शिडी उचलू लागले.

"राहू द्या, मामा." बाईंनी दुखरा गुडघा सांभाळत पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि हात पुढे केला. "खडू द्या. आता फाट्यावरच्यांची पाळी ना?"