जुन्या विमानतळाचं तारण

बगळा पुन्हा हसला, आणि तेही तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

उपसचिवांनी समोरचा पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. विनोद त्यांचा, हसू बगळ्याचं आणि बगळ्याची नजर मात्र त्यांच्या बायकोवर.

बगळा हे नाव खात्याच्या वकिलांनी ठेवलेलं. परदेशच्या सरकारी बँकेचा तो अधिकारी उंच, गोरा होता आणि तासन् तास मान न हलवता बसायचा. नवा विमानतळ बांधायला त्याची बँक कर्ज देणार होती. त्याची भाषा येणारं खात्यात एकच माणूस होतं, ते म्हणजे उपसचिवांची बायको, म्हणून दुभाषी तीच. लग्नाआधी दोन वर्षं त्या देशात राहून ती शिकून आली होती. त्या दोन वर्षांबद्दल उपसचिवांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं, आणि ती वर्षं ते कधी विसरलेही नव्हते.

सगळं घोडं अडलं होतं तारणावर. बँकेला जुन्या विमानतळाची कमाई हवी होती, तीही तीस वर्षांची. जुना विमानतळ म्हणजे खात्याची दुभती गाय. ती दावणीतून सोडायची तर खात्याने खायचं काय?

शेजारच्या खोलीतला पंखा बंद होता, म्हणून आपसातली मसलतही त्याच टेबलावर व्हायची. त्या सकाळी वकिलांनी विचारलं, कुठवर जायचं? उपसचिव म्हणाले, आज पाच वर्षं म्हणू. अगदीच गळ्याशी आलं तर पंधरा, सचिवांनी तेवढी मोकळीक दिली आहे. मग ते बायकोकडे वळले आणि बगळ्याला पाच सांगायला लावलं. तिने सांगितलं. बगळ्याने मान डोलावली, पुन्हा तिचं बोलणं संपायच्या आधीच. माणसांची मनं इतकी जुळली की शब्दांची गरज उरत नाही, असं उपसचिवांनी ऐकलं होतं. स्वतःच्या संसारात ते त्यांना कधी दिसलं नव्हतं.

मग चहा आला. ती आणि बगळा खिडकीशी उभे राहून बोलत होते. उपसचिवांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

चहा संपला आणि बगळ्याने आपली मागणी मांडली. पंधरा वर्षं. सोळा नाही की चौदा नाही. वकिलांनी उपसचिवांकडे पाहिलं. उपसचिवांनी बायकोकडे पाहिलं. ती कपाळाला आठी घालून बगळ्याकडेच बघत होती, आणि उपसचिवांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “खिडकीशी काय चाललं होतं?”

“मुलंबाळं किती, विचारत होता.”

“मग?”

“नाहीत म्हटलं.” ती थोडी थांबली. “अहो, त्या माणसाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय.”

“त्या माणसाबद्दल माझ्या घरात एक अक्षर नको.”

ती गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं उपसचिवांनी कबुलीच्या खात्यात जमा केलं. मत्सराला पुरावा लागत नाही, तो आपला शिधा घरूनच घेऊन निघतो. रात्रभर ते कूस बदलत राहिले आणि सकाळी कामावर पोचताच थेट सचिवांच्या खोलीत गेले. आतली गोष्ट बाहेर गेली आहे, म्हणाले, आणि ती माझ्याच घरातून गेली आहे.

दुपारी तिच्या हातात निलंबनाचा हुकूम पडला. संध्याकाळी तिने कपाटातून आपले कपडे काढले. रडली नाही, भांडलीही नाही.

“तुम्ही स्वतः सांगितलंत त्यांना?” एवढंच तिने विचारलं.

“मी माझं कर्तव्य केलं.”

“एकदा मला विचारायचं तरी होतंत,” ती म्हणाली आणि भावाकडे निघून गेली.

तिच्या जागी एक निवृत्त प्राध्यापक दुभाषी म्हणून आले. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे टेबलावरची मसलत आता मोठ्याने होऊ लागली. व्याजाच्या बाबतीतही बगळ्याने नेमका खात्याचा शेवटचा आकडा गाठला. वकील चक्रावले. उपसचिव चक्रावले नाहीत. बाई अजूनही त्याला भेटत असणार, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि चौकशी समितीपुढेही तेच सांगितलं.

अखेर जुना विमानतळ पंधरा वर्षांसाठी तारण गेला. करारावर सह्या झाल्या, छायाचित्रं निघाली. समितीने बाईंना नोकरीतून काढायची शिफारस केली. सख्ख्या बायकोचीही गय न करणारा माणूस म्हणून सचिवांनी उपसचिवांची पाठ थोपटली, आणि बढतीचं सूतोवाच केलं. त्याने आतली आग काही विझली नाही. रिकाम्या घरात ते त्या दोघांचं खिडकीशी उभं राहणं पुन्हा पुन्हा पाहत बसायचे.

बगळ्याला निरोप द्यायला विमानतळावर खरं तर वकील जाणार होते. उपसचिव हट्टाने स्वतः गेले. ती तिथे येते का, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

ती आली नव्हती. त्यांनी प्रवाशांच्या रांगा धुंडाळल्या, खांबांच्या आडोशाला पाहिलं, पार बाहेरच्या टॅक्सीतळापर्यंत नजर टाकली. कुठेच नाही. मनाला जरा थंडावा वाटला.

प्राध्यापक सामानापाशी मागे राहिले होते. आता बोलणार तरी कोणत्या भाषेत, म्हणून उपसचिवांनी नुसताच हात पुढे केला आणि हसल्यासारखं केलं. बगळ्याने तो हात दोन्ही हातांत धरला.

“येतो साहेब,” तो म्हणाला. “वहिनींना माझा नमस्कार सांगा.”