उत्पन्नाची अट

फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या त्या मोठ्या दुकानात ती सात वर्षं काउंटरवर होती. येईल त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुकानाचं क्रेडिट कार्ड मारायचं, हे तिचं काम. आईला आता हाताने धुणं झेपेना. मशीन हप्त्यांवर घेता येईल म्हणून एका दुपारी तिने स्वतःचाच अर्ज भरला. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं, ती श्वास रोखून बघत राहिली. मॅनेजर कधी मागे येऊन उभा राहिला ते तिला कळलंच नाही. चक्र थांबताच त्याने रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, "अर्ज नामंजूर. उत्पन्न अपुरं."

मग तो पोट धरून हसला. "अगं, कार्ड म्हणजे काय फुकटचा खाऊ वाटला तुला? माणसाने आपली पायरी ओळखून अर्ज करावा."

तिचे कान तापले. रांगेतल्या पुढच्या बाईही चपापल्या. "मग मला कुठलं मिळतंय हो, ताई? मी चार घरची धुणीभांडी करते."

"महिन्याचे किती सुटतात, मावशी?"

मावशींनी दबकत आकडा सांगितला. तो तिच्या पगारापेक्षा बराच मोठा होता. तिने अर्जात तो भरला आणि मॅनेजरकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "नक्की मिळेल, मावशी. तुम्ही थोड्याच इथे नोकरीला आहात?"