पुन्हा कळवू नये

"मूठ वळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ट्रक ड्रायव्हरने सगळा जीव एकवटला. चार वर्षं लाकडासारखी पडलेली बोटं आधी थरथरली, मग एकेक करून मिटली. टेबलावरचा रबरी चेंडू चक्क त्याच्या मुठीत आला. बायकोने तोंडावर हात दाबला आणि हुंदके देत ती खोलीबाहेर गेली.

"वहिनीला आनंद आवरेना," बहीण म्हणाली. या इस्पितळाचा पत्ता तिनेच शोधला होता आणि दादाला हट्टाने इथे आणलं होतं.

मालाच्या थप्पीवरून तो मानेवर आपटला, तेव्हापासून पाय चालत होते, हात मेले होते. आता मानेत, मज्जारज्जूलगत, दोन बारीक तारा बसवल्या होत्या.

"तारा हात हलवत नाहीत," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचेतो क्षीण होतो. वीज त्याला जोर देते. हलवायचं तुम्हीच."

त्या चार वर्षांत बायकोने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. घास भरवला, दाढी केली, शर्टाची बटणं लावली. कधी कपाळाला आठी नाही. त्याआधीच्या अकरा वर्षांच्या संसारातली आठ वर्षं त्याने रस्त्यावरच काढली होती.

"अपघात झाला म्हणून मला नवरा तरी मिळाला," असं ती आल्यागेल्याला सांगायची. सगळे हसायचे. तोही हसायचा.

तीन आठवड्यांत तो चमच्याने जेवू लागला. पहिला घास त्याने तिलाच भरवला. अर्धा सांडला.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "मी आहे ना."

घरी जायच्या दिवशी बायको औषधं आणायला खाली गेली होती. त्याने हळूच विचारलं, "बाई, स्टिअरिंग कधी धरता येईल?"

डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. "खोटं कशाला सांगू? ते आता अवघड आहे. स्नायू फार वाळलेत. पहिल्यांदा बोलावलं तेव्हाच आला असतात, तर…"

"पहिल्यांदा? कधी?"

"अपघातानंतर लगेच. तुमच्या तिकडच्या डॉक्टरांनी नाव कळवलं, म्हणून आम्ही घरी पत्र पाठवलं होतं. तुम्हीच नको म्हणालात."

"मी?"

त्यांनी फाइल उघडून त्याच्यापुढे सरकवली. कागदावर हाताने लिहिलं होतं: 'मला उपचार नको आहेत. मी घरी सुखात आहे. पुन्हा कळवू नये.' खाली त्याची सही. तारीख अपघातानंतरच्या चौथ्या महिन्याची.

चौथ्या महिन्यात त्याला नाकावरची माशीही हाकलता येत नव्हती.

तो त्या ओळींकडे बघत राहिला. गोल, वळणदार अक्षर. स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेल्या किराणाच्या यादीत तो ते रोज वाचत आला होता.