दोन हात वात

विहिरीच्या काठावर शफी उजवा हात गुडघ्यावर टेकून बसला होता आणि देवमन त्याच्या कोपराला पाय लावत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा दाबून. देवमन पायाळू. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाचा पाय लागला की लचक उतरते, हे चांदूर बाजारकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आता?" देवमननं विचारलं.

"हलकं वाटते," शफी म्हणाला.

"वाटनच ना बे! आज आठवा दिवस. काल मी गावातल्या नत्थुजीले सांगून आलो, शफीचा हात म्या पायानं बरा केला म्हणून."

लचक नव्हतीच. अमरावतीच्या डॉक्टरनं तपासून चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, कोपराची मोठी नस अर्धी तुटली आहे, जोर दिला तर उरलेली जाईल, तीन महिने हात गळ्यात बांधून ठेवा. ती चिठ्ठी शफीच्या खिशात घामानं भिजून मऊ पडली होती. पण तो यारीवरचा माणूस. विहिरीतला दगड वर काढायचं हे इंजिन; त्याचा दांडा ओढून धरला तरच लोखंडी बादली वर चढते, सोडला की आहे तिथंच लटकते. हात गळ्यात बांधलेल्याला यारीवर ठेवील कोण? आणि दुसरं म्हणजे देवमनचं ते फुललेलं तोंड. तुझ्या पायाला काही गुण नाही, असं त्या तोंडाला सांगायचं कसं? रोज शफी ठरवून यायचा, आज सांगतोच. आणि रोज देवमन पाय पुढं करायचा.

"आज हा खडक फुटलाच पायजे बावा!" शेताचा मालक पंजाबराव मुरमाच्या ढिगावरून ओरडला. "संत्र्याईनं माना टाकल्या. अन् शफीभाऊ, हात दुखत असन तं तसं सांग. अकोल्याचा एक गडी रिकामाच बसला हाय."

"काहून दुखन?" शफीनं तोंड उघडायच्या आत देवमननंच उत्तर दिलं. "माया पाय लागला ना त्याले!"

विहीर खोदणाऱ्या या लोकांची एक रीत होती. सुरुंगाची वात मोजायची ती वर ओढणाऱ्याच्या उजव्या हातानं. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, अशी दोन हात. ज्याच्या भरवशावर खाली काडी लावायची, त्याच्याच हाताचं माप. तेवढी वात जळेस्तोवर खालचा माणूस वर येतो, घोटभर पाणी पितो, तंबाखू मळतो आणि मग खाली धडाका होतो.

"कर हात," देवमन वात उलगडत म्हणाला.

शफीनं हात पुढं केला. हात सरळ होईना. त्यानं दात आवळून जोर लावला, कपाळावर घाम फुटला, तरी कोपर विळ्यासारखं वाकलेलंच. देवमननं वातीचं एक टोक त्याच्या खांद्याला धरलं, दुसरीकडून बोटापर्यंत ताणली. एक. पुन्हा तसंच. दोन. चाकूनं कापली.

मग ती हातात तोलून त्यानं डोळे बारीक केले. "आज कमी भरली का रे?"

आता शफीनं सांगायला पाहिजे होतं. आत्ताच. ढिगावरून पंजाबराव त्याच्याकडंच पाहत होता.

"कमी कशी भरन?" शफी म्हणाला. "माया हात का आखूड झाला?"

"हे बाकी खरं," म्हणून देवमन हसला आणि काडीपेटी खिशात टाकून बादलीत बसला.

खाली सोडायला नुसता ब्रेक ढिला करायचा, ताकद लागत नाही. शफीनं डाव्या हातानंच काम भागवलं. साठ फूट. बाकीचे खोदणारे केव्हाच वर येऊन दूर लिंबाखाली गेले होते. पंजाबराव ढिगामागं बसून कानात बोटं घालून तयार. खाली देवमन वाकलेला दिसत होता, थाळीएवढ्या उजेडात.

"पेटली! ओढ!"

शफीनं दांडा ओढला. दहा फूट, पंधरा फूट बादली झकास चढली. या अल्ला, आजचा दिवस निघू दे, उद्या सांगतो, खरंच सांगतो. वीस फूट. मग कोपरात काहीतरी सरकलं आणि वाळलेली काडी मोडावी तसं मोडलं. बोटं आपोआप उघडली. दांडा मागं गेला. बादली मधेच लटकली.

त्यानं डावा हात घातला, पाय रोवले, छाती टेकली. बादली वीतभर चढली आणि थांबली.

"पंजाबभाऊ! धावा!"

पंजाबरावच्या कानात बोटं होती.

शफी काठावरून ओणवा झाला. "देवमन! माया हात तुटला रे! नसच तुटेल होती! लचक नव्हती!"

इंजिन धडधडत होतं. देवमननं कानामागं हात धरला, वर पाहिलं आणि दात दाखवून हसला. त्याचा एक पाय बादलीबाहेर झुलत होता. पायाखालून पांढरा धूर वर येत होता.

"घाई नको करू, शफी!" खालून त्याचा आवाज आला. "दोन हात वात हाय. तुयाच हातानं मोजली!"